पाटी आणि वही

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि रायपूर त्याची राजधानी झाले. या शहरातील, अर्ज टंकून देणाऱ्या एका लहानशा दुकानाची कल्पना करा. तेथील संगणक लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतो. गिऱ्हाइकांचे अर्ज व दाखले दुसऱ्या एका हार्ड डिस्कवर साठवलेले आहेत. ही डिस्क थोडा वेळ वापरात नसली की थांबते आणि काम आले की पुन्हा फिरू लागते. अशा वारंवार थांबण्या-फिरण्याने तिची झीज होते. डिस्क बिघडली, तर लोकांची कागदपत्रे जातील.

दुकानदार 'एचडीपार्म' ही आज्ञा देऊन थांबण्याची मुदत वाढवतो. दिवस सुरळीत जातो. परंतु दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच अडचण! असे का होते?

बहुतेक डिस्कमध्ये ही सूचना वीजपुरवठा असेपर्यंतच टिकते. पाटीवरची अक्षरे पुसली जावीत, तशी ती वीज जाताच नाहीशी होते. म्हणून ती वहीत लिहून ठेवावी लागते.

डेबियन व उबंटू या प्रणालींत 'इटीसी' निर्देशिकेतील 'एचडीपार्म.कॉन्फ' ही फाइल म्हणजे अशी वही होय. प्रशासकाच्या अधिकाराने ती उघडावी, डिस्कचे नाव लिहावे आणि महिरपी कंसात 'स्पिनडाउन_टाइम = १२०' अशी नोंद करावी. प्रत्यक्ष फाइलमध्ये अक्षरे व अंक रोमन लिपीतच हवेत. १ ते २४० पर्यंतचे अंक पाच-पाच सेकंदांचे असतात; म्हणून १२० म्हणजे ६०० सेकंद, अर्थात १० मिनिटे.

'एसडीबी' यांसारखे नाव नवी डिस्क जोडल्यावर बदलू शकते. त्यामुळे डिस्कचा अनुक्रमांक असलेले, 'बाय-आयडी' निर्देशिकेतील नाव वापरणे हिताचे. शेवटी संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा व मुदत पाळली जाते का, हे पाहावे.

एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नसल्याने तिला ही नोंद लागू पडत नाही. तसेच कोणतीही नोंद डिस्क अमर करीत नाही; कागदपत्रांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवलीच पाहिजे.

पाठगत प्रश्न
१. दुकानदाराची सूचना दुसऱ्या दिवशी का टिकली नाही?
२. मुदत २० मिनिटे हवी असल्यास कोणता अंक लिहाल?
३. 'पाटी' आणि 'वही' या उपमा येथे कशासाठी योजल्या आहेत?