घरात गोरबोली, शाळेत मराठी

मंठा तालुक्यातल्या एका तांड्यावर माझं बालपण गेलं. आता जालन्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान वर्गांना शिकवते. "पोरांशी घरातही मराठीच बोला, नाहीतर मागं पडतील" असं बंजारा आईबापांना सगळेच सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे.

१. मराठीची काळजी करू नका. शाळा, दुकान, मोबाइल, गल्लीतले सवंगडी, सगळीकडून ती मुलांच्या कानावर पडतेच. गोरबोलीला, म्हणजे आमच्या बंजारा बोलीला, मात्र याडी-बापूशिवाय (आई-बापाशिवाय) आधार नाही. २०११ च्या जनगणनेत ही बोली बोलणारे ३२ लाखांच्या वर भरले, पण ती गणती हिंदीत धरली गेली. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत तिचं नाव नाही. आमच्या घरात आम्ही दोघंही मुलांशी गोरबोलीच बोलतो. मुलं मराठीत उत्तर देतात तेव्हा रागवत नाही, आपलं बोलणं तसंच चालू ठेवतो.

२. पहिलीतलं पोर गप्प बसलं म्हणून त्याला मंद ठरवू नका. दिवसभर मराठी ऐकण्याची त्याची ती पहिलीच वेळ असते. सुरुवातीचे काही आठवडे मी सूचना दोन्ही भाषांत देते. खाणंपिणं, नातीगोती, गुरंढोरं यांबद्दल त्याच्या बोलीत विचारलं की तेच पोर भडाभडा बोलायला लागतं. शिक्षण शक्यतो मातृभाषेतून द्यावं, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत तेच म्हणतं. तांड्याच्या शाळेत मात्र सगळं गुरुजींना त्या बोलीतले किती शब्द येतात यावर येऊन थांबतं.

३. सगळ्यात मोठा घाव बोलीमुळे बसत नाही, ऊसतोडीमुळे बसतो. दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, अंगावर असते, त्यामुळे थांबता येत नाही. लेकरं सोबत गेली की मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडावर, कोपीत (झोपडीत) राहतात. नुकतं जुळायला लागलेलं वाचन तिथंच तुटतं. परतल्यावर मास्तर म्हणतात, घरच्या भाषेमुळे याला मराठी येत नाही. खरं कारण बुडालेले महिने असतात.

म्हणून ऊसतोडीची टोळी ठरण्याआधीच शाळा व्यवस्थापन समितीकडे हंगामी वसतिगृहाची मागणी करा. ते मिळालं तर मूल गावातच राहतं, दोन वेळा जेवतं आणि शाळाही बुडत नाही. आजी-आजोबा जवळ असतील तर फारच चांगलं. दिवसा शाळेत मराठी, रात्री आजीकडून साकी आणि जुन्या गोष्टी. माझ्या वर्गातली अशी मुलं दोन्ही भाषांत सगळ्यांत तयार निघाली. सोबत न्यावंच लागलं, तर शिक्षण हमी पत्रक घेऊन जा आणि कारखान्याजवळच्या शाळेत नाव घाला.

४. तीज आणि होळीला तांड्यावर जाच. तिजेची गाणी, होळीची लेंगी गीतं चार लोकांत म्हणताना मुलं जे शिकतात, ते घरात बसवून शिकवता येत नाही.

५. बोली लिहायला लावा. देवनागरी मुलांना शाळेत येतेच, त्याच अक्षरांत आजीची एखादी साकी वहीत उतरवून घ्या. राजमान्यतेची वाट बघत बसू नका. मोरोक्कोत अमाझिग, म्हणजे बर्बर लोकांच्या भाषेला २०११ साली राज्यघटनेत अधिकृत स्थान मिळालं, अल्जेरियात २०१६ साली. तोवर ती जिवंत राहिली ती घराघरांतल्या बोलण्यावर.

तांड्यावर नेमणूक झालेल्या माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना एवढीच विनंती: वर्गात गोरबोली बोललेल्या मुलाला गप्प करू नका. चार शब्द त्याच्याकडून शिका आणि जूनच्या पहिल्या पालकसभेत याडी-बापूंना सांगा, घरी तुमच्याच बोलीत बोला, मराठी आम्ही शिकवतो.