आकड्यांच्या रकान्यात न येणारा प्रश्न

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालातील आकडेवारीचे रकाने बहुतांशी ठरलेले असतात : बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया, खाटांच्या वापराचे प्रमाण. देणगीदार व विश्वस्त ते आस्थेने वाचतात आणि गतवर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहतात. परंतु या आकड्यांवरून रुग्णालयाने किती काम केले एवढेच कळते. उपचार घेऊन घरी गेलेला माणूस पुढे बरा झाला काय, हे त्यांत कोठेच येत नाही.

अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नेमका हाच प्रश्न धसास लावला. त्यांची पद्धत साधी होती. प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड असे. त्यावर लक्षणे, निदान, उपचार व उद्भवलेली गुंतागुंत यांची नोंद होई आणि वर्षभरानंतर रुग्णाची प्रत्यक्ष स्थिती पाहून तीही लिहिली जाई. अपेक्षित गुण आला नसेल, तर त्याचे कारणही नोंदवावयाचे : कौशल्य कमी पडले, निर्णय चुकला, निदान चुकले, शुश्रूषेत वा साधनांत उणीव राहिली, की आजारच असाध्य होता? १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्यावरील उपचारांत १२३ चुका झाल्याचे कॉडमन यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केले. असा अहवाल काढावयास केवढे धैर्य लागले असेल! व्यवसायबंधूंचा रोष त्यांना पत्करावा लागला आणि ते रुग्णालयही पुढे बंद पडले.

चुकांची नोंद शिक्षेसाठी वापरली जाईल अशी धास्ती असली, की नोंदच बदलू लागते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २००४ पासून तातडीच्या विभागातील ९८ टक्के रुग्णांचा निर्णय चार तासांत लागावा, असे लक्ष्य होते. त्यामुळे प्रतीक्षा निश्चितच घटली, हे मान्य केले पाहिजे. तथापि चार तास भरण्यापूर्वीच्या अखेरच्या काही मिनिटांत विभागातून हलविल्या जाणाऱ्या रुग्णांची एकाएकी गर्दी होत असल्याचेही नोंदींतून दिसून आले. त्या क्षणी दुखणे बदललेले नसे, घड्याळ मात्र पुढे गेलेले असे.

मृत्युदराच्या आकड्याचेही असेच आहे. अत्यवस्थ रुग्णाला दारातूनच दुसरीकडे पाठविणाऱ्या रुग्णालयाचा मृत्युदर आपोआप कमी भरतो. म्हणून हा आकडा समोर आल्यास विश्वस्तांनी, किती रुग्ण अन्यत्र पाठविले आणि कोणत्या कारणाने, हे अवश्य विचारावे. मात्र तो प्रश्न जाब विचारण्याच्या स्वरात केला, तर उत्तर खरे मिळणे कठीण.

धर्मादाय रुग्णालयांच्या परिचयाचे उदाहरण मोतीबिंदू शिबिराचे. शिबिरात किती शस्त्रक्रिया झाल्या, ही संख्या अहवालात ठळकपणे छापली जाते. पण आजीला सुईत दोरा ओवता येऊ लागला काय, नातवाचा चेहरा ओळखू येतो काय, हे काही आठवड्यांनी दृष्टी तपासल्यावरच कळते. फेरतपासणीला सगळे येत नाहीत. जे आले नाहीत ते बरे झाले असतील, असे गृहीत धरणे सोयीचे असते. प्रत्यक्षात ज्यांना दिसत नाही त्यांनाच एस.टी.ने एकट्याने येणे अवघड. तेव्हा आलेल्यांपैकी कितींना दिसू लागले, एवढेच न छापता न आलेल्यांची संख्याही शेजारी छापली पाहिजे.

न आलेल्यांच्या घरी जाऊन दृष्टी तपासण्यासाठी कार्यकर्ता पाठवावा लागतो. त्याचे मानधन व प्रवासखर्च देणगीतूनच होतो. त्या खर्चाने शस्त्रक्रियांच्या संख्येत एकाचीही भर पडत नाही. चष्म्याचा नंबर तेवढा बदलून हवा असलेली एखादी आजी मात्र सापडते.