तीन अक्षरी शब्दांचा शोध

शब्दकोडे सोडविताना आपणापुढे नेहमी एकच प्रश्न असतो : शब्द इतक्या अक्षरी आहे, त्यात अमुक ठिकाणी अमुक अक्षर आहे, तर तो शब्द कोणता? हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा वाटतो. परंतु वृत्तात रचना करणाऱ्या कवीपुढे शतकानुशतके हाच प्रश्न होता आणि आज संगणकावर मराठी शब्द शोधणाऱ्यापुढेही तोच आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील स्थलनामांच्या आधारे करावयाचा आहे. नावे ओळखीची असल्याने वाचकांना प्रत्येक विधानाचा पडताळा घेता येईल.

अक्षर कशाला म्हणावयाचे?

सन 1913 मध्ये आर्थर विन यांचे कोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी शब्दकोड्यांची प्रथा सुरू झाली. इंग्रजीत एका चौकोनात एक वर्ण बसतो. मराठीत मात्र चौकोनात वर्ण नव्हे, अक्षर बसते. स्वर, किंवा स्वरासह व्यंजन, म्हणजे अक्षर. ‘सातारा’ या नावात स्‌, आ, त्‌, आ, र्‌, आ असे सहा वर्ण आहेत, पण अक्षरे तीनच. ‘महाबळेश्वर’ या नावात तेरा वर्ण, पण अक्षरे सहा; कारण ‘श्व’ हे जोडाक्षर असले तरी मोजावयाचे एकच.

येथे उच्चारावर विसंबून चालत नाही. बोलताना आपण ‘मिरज’मधील शेवटचा ‘अ’ गिळतो, त्यामुळे कानाला दोनच अवयव ऐकू येतात. गणना मात्र लिखित अक्षरांची असते. म्हणून ‘मिरज’ तीन अक्षरी.

एकवीस तालुके

साताऱ्याचे अकरा व सांगलीचे दहा असे एकूण 21 तालुके आहेत. अक्षरसंख्येनुसार त्यांची वाटणी अशी होते :

दोन अक्षरी (3) : वाई, माण, जत.
तीन अक्षरी (10) : सातारा, जावळी, खंडाळा, खटाव, पाटण, कराड, मिरज, पलूस, वाळवा, शिराळा.
चार अक्षरी (6) : कोरेगाव, फलटण, तासगाव, खानापूर, आटपाडी, कडेगाव.
सहा अक्षरी (1) : महाबळेश्वर.
सात अक्षरी (1) : कवठेमहांकाळ.

आता अटी वाढवू. तीन अक्षरी नाव हवे, इतकेच म्हटले तर दहा उत्तरे येतात. त्यात ‘र’ हे व्यंजन कोठेही असावे, असे म्हटले की चार उरतात : सातारा, कराड, मिरज, शिराळा. ‘र’ मधल्या अक्षरात हवा म्हटले की सातारा गळते. मधले अक्षर ‘रा’च हवे म्हटले की मिरजही गळते. शेवटी ‘ळा’ हवा म्हटले की शिराळा हे एकच नाव हाती राहते. दहा, चार, तीन, दोन, एक असा हा उतार आहे. बाराखडीप्रमाणे एका व्यंजनाची बारा रूपे होत असल्याने मराठीत एक अक्षर कळले तरी इंग्रजीतील एका वर्णापेक्षा अधिक माहिती मिळते.

लेखनभेदाचेही भान ठेवावे लागते. ‘कराड’ हे नाव जुन्या लेखनात ‘कऱ्हाड’ असे आढळते. अक्षरे दोन्हींत तीनच. पण मधले अक्षर ‘रा’ ऐवजी ‘ऱ्हा’ झाल्याने वरील शोधात हे नाव एका रूपात सापडते, दुसऱ्या रूपात निसटते.

कवीची अट अधिक कडक

कवीला अक्षरसंख्येबरोबर लघुगुरुक्रमही सांभाळावा लागतो. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू असे दोन प्रकारचे. म्हणून तीन अक्षरांचे एकूण आठ गण होतात. आपल्या दहा तालुक्यांतच त्यांपैकी सहा गण सापडतात :

म गण : सातारा, खंडाळा (तिन्ही गुरू).
य गण : शिराळा (पहिले लघु).
र गण : जावळी, वाळवा (मधले लघु).
ज गण : खटाव, कराड, पलूस (मधले गुरू).
भ गण : पाटण (पहिले गुरू).
न गण : मिरज (तिन्ही लघु).

राहिले स गण आणि त गण. तालुक्यांच्या नावांत ते नाहीत, परंतु कोरेगाव तालुक्याने दोन्हींची उणीव भरून काढली आहे. तेथील वसना नदी हा स गण (शेवटचे गुरू) आणि वाठार हा त गण (शेवटचे लघु). अशा रीतीने आठही गण आपल्या परिसरातच मिळतात.

‘शिराळा’ हे नाव सलग चार वेळा म्हणून पाहावे. बारा अक्षरे आणि चार य गण, म्हणजेच भुजंगप्रयात वृत्ताचा एक चरण तयार होतो. सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. आणि समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यासच आहे! हा अर्थात योगायोग होय. परंतु गण पाठ करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तो उपयोगी पडावा.

यंत्राची चूक कोठे होते?

मराठी शब्दकोशांची मांडणी आद्याक्षरानुसार असते. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग 1932 ते 1938 या काळात निघाले, पण ‘ळा’ने संपणारे तीन अक्षरी शब्द हवे असतील तर ते सारे चाळावे लागतील. हे काम यंत्राने क्षणात करावे, अशी आपली अपेक्षा असते. येथेच घोटाळा होतो. युनिकोड या संकेतप्रणालीत काना, मात्रा, वेलांटी व अनुस्वार ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे आहेत. यंत्राने केवळ चिन्हे मोजली तर सातारा सहा, जावळी पाच आणि मिरज चार ‘अक्षरी’ ठरते. वरील यादीतून तीन अक्षरी नावे मागितली, तर अशी मोजणी फक्त वाई आणि माण ही दोनच नावे देईल. दहा खरी उत्तरे वगळली जातील आणि दोन चुकीची येतील. दोष यंत्राचा नव्हे. अक्षर म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून मराठीची गणना मराठीच्याच व्याकरणाने झाली पाहिजे, आणि ते व्याकरण यंत्रास समजावून सांगण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांनीच अंगावर घेतले पाहिजे. त्याचा आरंभ साध्या वहीतूनही होऊ शकतो. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील गावांची नावे प्रथम अक्षरसंख्येने, मग अंत्याक्षराने आणि शेवटी गणाने लावून पाहावीत. कोडे सुटेल, वृत्त कळेल आणि आपण रोज लिहितो त्या अक्षराची नीट ओळखही होईल.