समजूत खरोखर असते का?

काही वर्षांपूर्वी दम्याचा एक नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे येत असे. श्वासावाटे घ्यायचे औषध देऊनही त्याचे रात्रीचे झटके थांबेनात. मी मात्रा वाढवली, एक्स-रे काढला, आईला दोन शब्द सुनावले. अखेर एके दिवशी आईला बाहेर बसवून त्यालाच विचारले, "बाळ, हा पंप कशासाठी असतो, तुला काय वाटतं?" तो हळूच म्हणाला, "आजोबा पंप घ्यायचे. मग ते वारले." औषधाचा फवारा तो रोज न्हाणीघरात हवेत सोडत होता. झटक्यांचे कारण श्वासनलिकेत होते, तसेच एका समजुतीतही होते. आणि ती कोणत्याही तपासणीत दिसणारी नव्हती.

पण 'समजूत' नावाचे काही खरोखर अस्तित्वात असते का? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. फ्रान्झ ब्रेंटानो यांनी १८७४ मध्ये मनोव्यापारांचे एक लक्षण सांगितले : ते नेहमी कशाविषयी तरी असतात. भीती कशाची तरी असते, इच्छा कशाची तरी. या विषयोन्मुखतेला मज्जापेशींच्या जगात स्थान कोठे, यावर पुढे वाद माजला. पॉल चर्चलँड यांनी १९८१ मध्ये मांडले, की समजूत, इच्छा ही एका जुन्या, सदोष सिद्धांताची भाषा आहे. फ्लॉजिस्टनची कल्पना रसायनशास्त्राने टाकून दिली, तशी मेंदूविज्ञान हीही टाकून देईल. उलट जेरी फोडर यांच्या मते समजुती या मेंदूतील खऱ्या अवस्था असून वर्तन त्यांच्यामुळेच घडते. डॅनियल डेनेट यांनी १९८७ च्या ग्रंथात मधला मार्ग सुचविला : समजुतीवर मेंदूत बोट ठेवता येणार नाही, पण ती गृहीत धरली की वर्तनाचे जे भाकीत साधते, त्यामागील आकृतिबंध खरा असतो.

बालरोगतज्ज्ञाला येथे एक प्रयोग आठवतो. बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी १९८५ मध्ये मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखविला. सॅली गोटी टोपलीत ठेवून जाते. तिच्यामागे अ‍ॅन ती पेटीत लपवते. परतल्यावर सॅली गोटी कोठे शोधेल? २७ सामान्य मुलांपैकी २३ आणि डाऊन सिंड्रोमच्या १४ पैकी १२ मुलांनी टोपली दाखविली. स्वमग्न २० पैकी केवळ ४ मुलांनी. म्हणजे दुसऱ्याची चुकीची समजूत ओळखणे ही केवळ बुद्धिमत्तेची बाब नव्हे. अर्थात, अशा चाचणीवर भाषेचाही परिणाम होतो; एवढ्यावरून कोणत्याही मुलावर शिक्का मारू नये.

या प्रयोगाने मूळ वाद मिटत नाही. आपण समजुती गृहीत धरतो, एवढेच तो दाखवतो. आणि उपयोगी कल्पना खरी असतेच असे नाही, हे वैद्यकाचा इतिहास जाणणाऱ्यांस सांगणे नलगे. तरीही माझा कल डेनेट यांच्याकडे आहे. उद्या एखादे यंत्र त्या मुलाच्या मेंदूतील प्रत्येक पेशीचा आलेख काढील. पण त्यात आजोबा शोधायचे, हे कळण्यासाठी आधी त्या मुलालाच विचारावे लागेल.

त्याच्याशी आजोबांच्या आजाराविषयी सविस्तर बोललो. तो औषध घेऊ लागला आणि मात्रा पुन्हा कमी करता आली. तेव्हापासून औषध लिहून देण्यापूर्वी मी प्रत्येक मुलाला तो प्रश्न विचारतो.