हातचा एक कुठे ठेवायचा?

आई-बाबांनो,

दुसरी-तिसरीच्या वर्गांवर अकोल्यात माझी उमेदीची सारी वर्षं गेली. आता निवृत्त होऊन अमरावतीला लेकीकडे असते. पालकसभेत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य मला आठवावं लागत नाही. "बाई, याले सगळं येते जी, पण ध्यानच नाही राहत." असं म्हणत एका आईने माझ्यासमोर उघडलेली वही अजून डोळ्यांपुढे आहे. ४७ अधिक २५, उत्तर ६२. लाल फुली मीच मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'निष्काळजीपणा'.

तो शेरा चुकीचा होता. सात आणि पाच बारा, हे त्या पोराने बरोबर केलं होतं. खाली दोन लिहिले होते. चार आणि दोन सहा, हेही बरोबर. फक्त हातचा एक सुटला होता. बेरीज त्याला येत होती. हातच्याला मनात जागा उरली नव्हती. हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसले आहे.

'हातचा' हा शब्द किती नेमका आहे पाहा. एखादी गोष्ट क्षणभर धरून ठेवायची, तोवर दुसरं काम करायचं आणि वेळ आली की ती तिच्या जागी मांडायची. मेंदू हेच काम दिवसभर करत असतो. या धरून ठेवण्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची जी मांडणी केली, ती आजही आधाराला घेतात. त्यांच्या मते आवाज धरून ठेवणारी सोय वेगळी, चित्रं आणि जागा धरून ठेवणारी वेगळी, आणि या दोघींवर देखरेख करणारी, लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणारी तिसरी. मी वर्गात याला मनातली पाटी म्हणत असे. लक्ष म्हणजे त्या पाटीवर फिरणारं बोट. बोट जिथे टेकलेलं असतं तिथलं अक्षर टिकतं, बाकीचं पुसट होत जातं.

ही पाटी लहान असते, आणि ती सगळ्यांचीच लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास गोष्टी, असा अंदाज मांडला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवलं की घोकण्याची सोय काढून घेतली, तर मोठ्या माणसाच्याही ध्यानात एका वेळी चारेक गोष्टीच राहतात. मुलांची पाटी त्याहून लहान. ती वयाबरोबर वाढत जाते. आता आपल्या घरातली सकाळ आठवा. "दप्तर भर, डबा घे, आजीला पाणी नेऊन दे, पंखा बंद कर, आणि बाटली विसरू नको." एका दमात पाच कामं. पोरगं आजीला पाणी देतं आणि मध्येच उभं राहतं. आपण म्हणतो, ऐकतच नाही. त्याने ऐकलेलं असतं. पाचवं काम लिहिताना पाटीवरचं दुसरं पुसलं गेलेलं असतं.

पण ही लहानशी पाटी मेंदू एका युक्तीने वापरतो. तो गोष्टींना जागा देतो. माझ्या नातीचंच सांगते. आठ वर्षांची आहे. तिला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून चार वस्तू आणायला सांगितल्या: साखर, जिरं, आगपेटी आणि कपड्याचा साबण. तोंडाने घोकत निघाली. वाटेत शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठी चालली वं?" तेवढ्यात घोकणं तुटलं आणि पोरगी साखर-जिरं घेऊन परतली. दुसऱ्या दिवशी तशाच चार वस्तू हव्या होत्या. या वेळी मी तिला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि विचारलं, "डावीकडच्या फळीवर काय असतं? मधे काय? ओट्याजवळ काय? आणि उजवीकडे, मोरीपाशी?" एकेका जागी एकेक वस्तू तिनेच ठेवली. काकू त्या दिवशीही दारातच होत्या. पोरगी चारही वस्तू घेऊन आली. दुकानदार नंतर मला म्हणाला, "आजी, पोरगी हवेत बोट दाखवून मांगत होती, इकडून तिकडं."

हवेतलं ते बोट मला फार मोलाचं वाटतं. मनात जागा असतात आणि लक्ष त्या जागांवरून चालत जातं, हे त्याने उघड केलं. याची सगळ्यात चटका लावणारी साक्ष १९७८ मधली आहे. बिसिआक आणि लुझाती या इटालियन संशोधकांनी मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या दोन रुग्णांना मिलान शहरातला त्यांच्या ओळखीचा चौक मनात आणायला सांगितला. समोर कॅथेड्रल आहे असं समजा आणि काय दिसतं ते सांगा. त्यांनी उजव्या बाजूच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गळाल्या. मग सांगितलं, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभं राहून उलट दिशेला पाहा. आता मघाशी गळालेल्या इमारती उजवीकडे आल्या, आणि त्या त्यांनी भराभर सांगितल्या. आपल्या अमरावतीच्या राजकमल चौकात मनाने उभं राहून एखाद्याला एकाच हाताची दुकानं आठवावीत, आणि पाठ फिरवली की फक्त दुसऱ्या हाताची, तसंच हे. चौक पुरता आठवणीत होता. अर्ध्या बाजूकडे लक्ष जात नव्हतं, म्हणून तेवढा चौक त्यांच्यासाठी नाहीसा झाला होता.

क्रमसुद्धा मन असाच जागेवर मांडतं. बेल्जियमच्या घेंट विद्यापीठातल्या व्हॅन डाइक आणि फियास यांनी २०११ मध्ये लोकांना छोटी यादी लक्षात ठेवायला दिली. यादीतल्या सुरुवातीच्या गोष्टींना लोकांचा डावा हात लवकर प्रतिसाद देई, शेवटच्या गोष्टींना उजवा. जणू यादी मनात डावीकडून उजवीकडे मांडलेली. ही मांडणी वाचनाच्या सवयीशी जोडलेली दिसते. उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांमध्ये संख्यांची रांग उलट्या दिशेने सापडली आहे.

इथे आपल्या मराठी पोरांची एक खास अडचण येते. 'त्रेपन्न' म्हणा. कानावर आधी तीन पडतो, मग पन्नास. लिहायचं मात्र डावीकडून, म्हणजे आधी पाच. पोराने काय करायचं? तीन ऐकून धरून ठेवायचा, त्याची जागा मोकळी सोडायची, पाच लिहायचा आणि मग तीन मांडायचा. म्हणजे बेरीज सुरू होण्याआधी, नुसती संख्या लिहितानाच एक हातचा! जे पोरगं ३५ लिहितं, त्याने ऐकलेलं अगदी क्रमाने लिहिलेलं असतं. 'एकोणसाठ' तर आणखी अवघड. कानाला एक आणि साठ ऐकू येतात, लिहायचे असतात पाच आणि नऊ.

२०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. विषय विधानसभेपर्यंत गेला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की जोडाक्षरांनी भरलेले आणि उलट क्रमाचे हे शब्द लहान मुलांना जड जातात. जुनी पद्धतही त्या पुस्तकात होतीच. दक्षिणेतल्या तेलुगू-कन्नडसारख्या भाषांत दशक आधी बोलतात. जर्मनमध्ये आपल्यासारखं एकक आधी येतं. ऑस्ट्रियातल्या सात वर्षांच्या जर्मनभाषक मुलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ऐकलेली संख्या लिहिताना झालेल्या त्यांच्या चुकांपैकी सुमारे निम्म्या या उलट्या क्रमाशी जोडलेल्या होत्या, आणि कार्यकारी स्मृतीशी त्यांचा संबंध दिसला. तेव्हा ५३ चा ३५ झाला म्हणून पोराला 'ढ' म्हणू नका. 'त्रेपन्न' हा शब्द आपलाच आहे, तो टिकावा असं मलाही मनापासून वाटतं. पण आधी 'पन्नास आणि तीन' म्हणू द्या, तुराट्यांच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे डावीकडे आणि तीन सुट्या काड्या उजवीकडे मांडू द्या, आणि मग म्हणा, "याला आपण त्रेपन्न म्हणतो." जागा हाताला कळली की शब्दाचं ओझं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट त्या पाटीवर जागा अडवते, आणि ती आपणच लिहितो. भीती. अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं की गणिताची धास्ती असलेल्यांची कार्यकारी स्मृती हिशेब करतानाच तोकडी पडते, आणि हातच्याच्या बेरजांत ती जास्त तोकडी पडते. "आता चुकलास तर बघ" हे वाक्य पोराच्या मनात बसतं आणि हातच्या एकाची जागा घेतं. माझ्या त्या लाल शेऱ्याने नेमकं हेच केलं असणार.

पाटी लहान म्हणजे बुद्धी लहान, असं मात्र समजू नका. पाटीमागे मोठं कोठार असतं. तिथे पोहोचलेलं पाटीवर जागा खात नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी पाठ केली ती म्हणूनच कामाला आली. 'सात पंचे पस्तीस' कोठारातून आपसूक आलं की बोट हातच्यावर ठेवायला मोकळं राहतं. म्हणून पाढे जरूर पाठ करून घ्या, पण गोडीने, रोज थोडे. कोठार किती मोठं होऊ शकतं याची साक्ष आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. लोणी टाकळीला १८८१ मध्ये जन्मलेले, माधानचे गुलाबराव महाराज यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. इतरांकडून वाचून घेऊन, ऐकून त्यांनी शास्त्रं आत्मसात केली आणि ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचले. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं. एका वेळी एक गोष्ट, पुरतं लक्ष देऊन ऐकली की ती कोठारात जाते.

मग घरी काय करायचं? एका वेळी एक-दोनच सूचना द्या आणि त्या पोराच्या तोंडून परत ऐका. दप्तर, चप्पल, पेन्सिल यांच्या जागा ठरवा आणि त्या बदलू नका. अभ्यासाच्या खोलीत टीव्ही बंद ठेवा. पोरगं हिशेबात असताना मधेच हाक मारू नका. बोटं मोजत असेल तर मोजू द्या. हातचा दशकाच्या डोक्यावर ठळक लिहू द्या. कागदावरची ती जागा मनावरचं ओझं उतरवते. स्मरणशक्ती वाढवून देतो म्हणणाऱ्या क्लासच्या आणि खेळांच्या मागे लागू नका. अशा सरावाने तो ठरावीक खेळ चांगला येऊ लागतो, पण त्याने गणित-वाचन सुधारतं असं संशोधनात दिसलेलं नाही. घरी, शाळेत, खेळात सगळीकडेच आणि बराच काळ पोरगं असं अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

त्या वहीवरचा माझा शेरा आता मला खोडता येणार नाही. तुमच्या घरातली वही मात्र आज संध्याकाळी उघडणार आहे. बेरीज चुकलेली दिसली तर रागावण्याआधी पोराला जवळ घ्या आणि एवढंच विचारा, "बाळा, हातचा कुठे ठेवला होतास?" तो सांगेल. आणि सांगता आलं नाही, तर तो कुठे ठेवायचा ते दोघांनी मिळून ठरवा.