ड्रायरवर काम करताना : हात, श्वास आणि जीव सांभाळा

आपल्या वस्तीतल्या कितीतरी ताया आणि तरुण मुलं मोठ्या लाँड्रीत कामाला जातात. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, कँटीनचे रुमाल असे कपड्यांचे ढीग तिथे रोज धुतले जातात आणि मोठमोठ्या ड्रायरमध्ये वाळवले जातात. घरी आल्यावर हात भाजल्याचं, चक्कर आल्याचं कुणी बोलत नाही. "कामात एवढं चालायचंच," म्हणून गप्प बसतात.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या एका ताईचा उजवा हात ड्रायरमध्ये सापडला आणि दोन ठिकाणी मोडला. आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा सगळी हकिगत कळली. ड्रायरचं दार उघडलं की मशीन आपोआप थांबवणारा एक छोटा स्विच असतो. तो वारंवार अडतो म्हणून कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. चादरींना पीळ बसला होता. ताई हात घालून ओढत होती, तेवढ्यात ड्रम फिरला. ती म्हणाली, "रोज असंच करायचो हो. त्या दिवशीच नेमकं झालं." हे 'रोज असंच' बंद व्हावं, म्हणून यावेळचा हा पाठ.

ड्रायर चालतो कसा

आधी मशीन समजून घेऊ. मोठा पोलादी ड्रम फिरतो. वाफ, गॅस किंवा वीज यांपैकी एकाने हवा तापवली जाते. पंखा ती गरम हवा कपड्यांमधून ओढतो आणि ओली हवा पाइपातून बाहेर टाकतो. या हवेबरोबर कपड्यांची बारीक लव सुटते. कारखान्यात तिला लिंट म्हणतात. ती जाळीत अडकते. म्हणजे एकाच पेटीत उष्णता, वारा आणि कापसासारखी सुकी लव अशा तिन्ही गोष्टी एकत्र असतात. चूल पेटवायला आपण याहून वेगळं काय वापरतो?

आग का लागते

पहिलं कारण तुंबलेली जाळी. लव साचली की हवा नीट वाहत नाही, आतली उष्णता वाढते आणि त्या लवेलाच ठिणगी पुरते. म्हणून जाळी प्रत्येक शिफ्टला साफ करायचीच, आणि टॉवेलसारखे लव सोडणारे कपडे असतील तर अधूनमधून पुन्हा. फाटलेली जाळी वापरायची नाही, कारण मग लव थेट पाइपात जाते. पाइप, पंखा आणि मशीनच्या मागची जागा ठरलेल्या दिवशी मालकाने मेकॅनिककडून साफ करून घ्यायला हवी. कपडे वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला तर ती सूचना समजा : वाट कुठेतरी तुंबली आहे.

दुसरं कारण फार जणांना माहीत नसतं, ते म्हणजे तेल. हॉटेलच्या स्वयंपाकघरातली फडकी आणि मालिशचे टॉवेल धुतले तरी त्यात थोडं तेल उरतं. खाण्याच्या तेलाची हवेशी क्रिया होते आणि त्यातून उष्णता तयार होते. कपडे गरम असताना ढीग करून ठेवले तर ही उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या आत वाढत जाते. काडी न लावताही काही तासांनी ढीग पेटू शकतो. रात्री लाँड्री बंद करून सगळे घरी गेल्यावर लागणाऱ्या आगींमागे हे एक कारण असतं.

म्हणून शेवटची काही मिनिटं ड्रम उष्णतेशिवाय फिरतो, तो थंड करण्याचा वेळ कधीही कापू नका. घाई असली तरी नाही. वीज गेली किंवा मशीन मध्येच थांबलं, तर गरम कपडे आत ठेवू नका. लगेच बाहेर काढून पसरवा. गरम कपड्यांचा गठ्ठा बांधू नका. शिफ्ट संपताना ड्रायर रिकामा असला पाहिजे.

पेट्रोल, रॉकेल, थिनर लागलेली फडकी, फोमच्या उशा, रबर आणि प्लास्टिकच्या वस्तू ड्रायरमध्ये घालायच्याच नाहीत. खिसे तपासा. एक लायटर किंवा काडेपेटी पुरेशी असते. दवाखान्याचे कपडे तपासताना खिशात हात खुपसू नका. जाड हातमोजे घाला आणि कपडा झटकून बघा. त्यात सुया निघतात.

हात वाचवायचा असेल तर

ओढणी, पदर, मोकळे केस, सैल बाही, बांगड्या हे सगळं आवरून कामाला उभं राहा. ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय हात आत घालू नका. पाणी पिळणारा हायड्रो तर बटण बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतो. त्याचं झाकण थांबण्याआधी उघडायचंच नाही.

आत अडकलेलं काही काढायचं असेल तर फक्त बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच बंद करा, त्याला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. कुलूप नसेल तर स्विचजवळ एक माणूस उभा करा. 'मशीन चालू करू नये' अशी पाटी लावा. ड्रममध्ये कुणीही शिरायचं नाही. दाराच्या स्विचला पट्टी लावलेली दिसली तर त्या मशीनवर काम सुरू करण्याआधी सुपरवायझरला सांगा, आणि एकट्याने नव्हे, दोघी-तिघींनी मिळून सांगा.

वाफेचे पाइप उघडे असतील तर त्यांना गुंडाळी लावून मागा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. हाताने गॅसची झडप बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. गॅसच्या ड्रायरचा धूर बाहेर जाणारा पाइप निखळला तर वास नसलेला विषारी वायू खोलीत साठतो. एकाच वेळी अनेकांचं डोकं दुखू लागलं, मळमळ झाली, तर ते उन्हाचं समजू नका. आधी मोकळ्या हवेत या.

आग लागली तर

ड्रायरचं दार उघडू नका; हवा मिळाली की आग भडकते. जवळ जाता येत असेल तर लाल बटण दाबा, वीज आणि गॅस मुख्य जागेवरून बंद करा. विजेच्या मशीनवर पाणी ओतू नका. सगळ्यांनी बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. बाहेर जायच्या दारासमोर गठ्ठे रचलेले नसावेत, हे रोज बघा.

भाजलं तर

भाजलेल्या जागेवर २० मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी धरा. बर्फ नको. हळद, टूथपेस्ट, तूप, शाई काहीही लावू नका. सूज यायच्या आत बांगड्या आणि अंगठ्या काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कपड्याने सैल झाका. चेहरा, हात, सांधा भाजला असेल किंवा जखम तळहातापेक्षा मोठी असेल तर थेट दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

उष्ण खोलीत दर १५-२० मिनिटांनी थोडं पाणी प्या. शौचालयाची सोय नाही म्हणून ताया पाणीच पीत नाहीत. त्याने चक्कर, गोळे आणि लघवीचे आजार येतात. शौचालय मागणं ही आरोग्याचीच मागणी आहे. कुणी बरळू लागलं, अंग तापलं, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ बोलवा.

कागद सांभाळा

त्या ताईच्या दवाखान्याच्या कागदावर 'घरी पडली' असं लिहिलं गेलं होतं. सोबत आलेल्या माणसाने तसं सांगितलं, ती वेदनेत होती. त्या दोन शब्दांमुळे भरपाईची वाट अवघड झाली. म्हणून डॉक्टरांना स्वतः सांगा : कामावर, मशीनमध्ये, अमुक वाजता. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद करायला लावा. ईएसआयचं कार्ड निघालं आहे का हे आजच विचारा. कामावरच्या दुखापतीत उपचार आणि बुडालेल्या मजुरीचा मोठा भाग त्यातून मिळतो. हजेरी आणि पगाराच्या पावतीचा फोटो घरच्यांच्या फोनवर ठेवा.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४६ साली कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. थकलेला हात आधी चुकतो, म्हणून कामाचे तास हाही सुरक्षेचाच भाग आहे.

आज रात्री जेवताना घरातल्या कामावर जाणाऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारा. जाळी शेवटची कधी साफ झाली? दाराचा स्विच चालतो का? कार्ड निघालं का? उत्तर 'माहीत नाही' आलं, तर उद्या कामावर गेल्यावर सगळ्यात आधी तेच विचारायचं.