कलादिग्दर्शक आणि अक्षरांची जागा

'जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक म्हणजे तुम्ही नेमके काय करीत होता, ते आमच्या अंकासाठी लिहा,' असे संपादक विद्यार्थ्यांनी सुचविले तेव्हा मला माझ्या आत्याची आठवण झाली. मुंबईहून सुटीत टिळकवाडीला आलो की ती हाच प्रश्न विचारी. "तू चित्रं काढतोस होय रे?" मी म्हणे, "नाही, ती दुसरा काढतो." "मग मजकूर लिहितोस?" "तोही दुसराच लिहितो." "मग तुला पगार कशाचा देतात?" या प्रश्नाचे उत्तर मला बरीच वर्षे नीट देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

जाहिरातसंस्था हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. मुंबईत गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी १९०५ साली सुरू झाली. पूर्वी अशा संस्थेचे मुख्य काम वृत्तपत्रांतील जागा ग्राहकाला मिळवून देणे हे असे आणि वृत्तपत्रांकडून मिळणारे पंधरा टक्के कमिशन ही तिची कमाई. चित्र आणि मजकूर ही त्याबरोबर येणारी सोय. म्हणून लेखक मजकूर लिहून खाली चित्रशाळेत पाठवी आणि तेथला चित्रकार उरलेल्या जागेत सुंदर मुखडा काढून देई. ही रीत मोडली ती न्यूयॉर्कला. १९४९ साली स्थापन झालेल्या डॉइल डेन बर्नबाख या संस्थेने लेखक आणि कलादिग्दर्शक यांना एका खोलीत बसविले. तेथले हेल्मुट क्रोन यांनी १९५९ साली फोक्सवॅगनच्या छोट्या मोटारीची जाहिरात केली. जवळजवळ सगळे पान कोरे, वरच्या डाव्या कोपऱ्यात इवलीशी मोटार आणि खाली थोडा मजकूर. मोटार लहान आहे हे सांगण्याचे निम्मे काम त्या कोऱ्या जागेने केले. आत्याला मी हे पान दाखवायला हवे होते. चित्र आणि शब्द दुसऱ्यांनी केले तरी ते कोठे बसतील, किती मोठे असतील आणि भोवती किती मोकळे राहील हे ठरविणारा माणूस तो कलादिग्दर्शक.

आपल्याकडचे सर्वांच्या डोळ्यांपुढचे उदाहरण म्हणजे अमूलची मुलगी. १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या कल्पनेला युस्टेस फर्नांडिस या कलादिग्दर्शकाने रूप दिले. एक चित्र, एक ओळ, बाकी काही नाही. रस्त्यावरच्या फलकाला याहून अधिक परवडतही नाही. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी बस सेकंदाला अकरा मीटर पुढे सरकते. तिच्या खिडकीतल्या माणसाने फलक वाचायचा तो तीन-चार सेकंदांत.

असो. मला ज्याविषयी सांगायचे आहे ते याच्याही आधीचे आहे, आणि ते मी फार लाजिरवाण्या रीतीने शिकलो.

मुंबईच्या एका संस्थेत तीन वर्षे उमेदवारी करून १९८६ साली मी गावी परत आलो आणि दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या एका लहान संस्थेत रुजू झालो. खोली एक, माणसे चार, पण माझ्या कार्डावर 'आर्ट डायरेक्टर' असे छापलेले होते. मुंबईची सवय अशी की प्रथम इंग्रजीत आराखडा करायचा, तो ग्राहकाने मान्य केला की मग 'भाषा बसवायच्या'. हा शब्दप्रयोग तेव्हा सर्रास चाले. जणू भाषा म्हणजे पाहुणे. आले की सरकून बसायचे.

शहापुरातील एका सराफी पेढीची दिवाळी-पाडव्याची जाहिरात आली. एक मराठी दैनिकासाठी, एक कन्नड दैनिकासाठी. वर मोत्यांच्या सरांचा फोटो आडवा, त्याला खेटून मोठी ओळ, खाली भावाचा मजकूर. इंग्रजीत ते फार देखणे दिसले. मराठीत ओळ होती 'अस्सल मोती, खात्रीच्या भावात'. पहिले दोन शब्द मोठे, उरलेले खालच्या ओळीत. त्या काळी संगणक नव्हता. अक्षरजुळणीचे कागद आणि फोटो कापून रबर सोल्युशनने पुठ्ठ्यावर चिकटवीत. आराखड्यात फोटो आणि ओळ यांत जेवढी फट होती तेवढीच ठेवायची म्हणून मी फोटोची पट्टी शिरोरेषेपर्यंत खाली ओढली. रात्रीचे अकरा वाजले होते, पुठ्ठा शेवटच्या गाडीने जायचा होता, आणि शिरोरेषेच्या वरही काही असते हे माझे मराठी डोळे विसरले.

वाचकांनी 'मोती' हा शब्द लिहून शिरोरेषेच्या वरचा भाग बोटाने झाकून पाहावा. 'मो'ची मात्रा जाते, काना उरतो. 'ती'ची वेलांटी जाते, तेथेही काना उरतो. पाडव्याच्या सकाळी गावभर छापून आले : 'अस्सल माता, खात्रीच्या भावात'.

पेढीचे मालक दुपारी आमच्या खोलीत आले. मला वाटले होते आरडाओरड होईल. ते खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "सकाळपासून चार माणसं आमच्या आईचा भाव विचारून गेली. ती गल्ल्याशेजारीच बसते. तिला काय सांगू?" बिल अर्थातच बुडाले, ते माझ्या पगारातून तीन महिने वळते झाले, आणि नोकरी राहते की जाते हे दिवाळी संपेपर्यंत मला कोणी सांगितले नाही. पण जास्त झोंबले ते वेगळेच. आठवीपासून मी मराठी पाट्या रंगवीत होतो. इंग्रजी आराखडा पुढे नसता तर ही चूक माझ्या हातून झालीच नसती.

आता कन्नड जाहिरातीचे काय झाले ते पाहा. तेथे ओळ होती 'अप्पट मुत्तु', म्हणजे तेच, अस्सल मोती. ('मुत्तु'चा दुसरा अर्थ आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना विचारावा.) कन्नडला आपल्यासारखी सलग शिरोरेषा नाही. पुष्कळ अक्षरांच्या माथ्यावर ज्याचा त्याचा स्वतंत्र तलेकट्टु असतो. आणि जोडाक्षर आपल्यासारखे शेजारी शेजारी न मांडता दुसरे व्यंजन पहिल्याच्या पायाशी बसवितात. त्याला ओत्तक्षर म्हणतात. 'अप्पट'मधला दुसरा 'प' आणि 'मुत्तु'मधला दुसरा 'त' दोन्ही खाली लोंबणारे. फोटो वरून खेटला म्हणून त्या ओळीचे काही बिघडले नाही. बिघडली ती खालून : भावाचा मजकूर ओत्तक्षरांना भिडला आणि वाचणाऱ्याला ते कोणाचे पाय, कोणाचे डोके हे कळेना. एकच दागिना, एकच आराखडा. मराठीत तो डोक्याकडून मोडला आणि कन्नडमध्ये पायाकडून.

तेव्हापासून मी आराखडा इंग्रजीत करणे सोडले. ज्या भाषेत जाहिरात छापायची तिची ओळ प्रथम हाताने लिहायची, तिच्या वरखाली किती हवा लागते ते पाहायचे, मग चित्राला जागा द्यायची. मराठी ओळ कपडे वाळत घातल्यासारखी शिरोरेषेवरून लोंबते. तिच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. म्हणून मराठीत चित्र शक्यतो ओळीच्या खाली ठेवावे, कारण खालची चिन्हे थोडी आणि विरळ असतात. कन्नडमध्ये उलट : चित्र वर, ओळीच्या खाली मोकळी जागा. हा काही शास्त्रवचनासारखा नियम नव्हे, पण पुष्कळदा उपयोगी पडतो.

ही गोष्ट ज्यांनी माझ्यासारखी अपघाताने नव्हे तर अभ्यासाने जाणली, त्यांत र. कृ. जोशी यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९३६ साली जन्मलेले जोशी जे.जे.चे विद्यार्थी, मुंबईच्या उल्का या जाहिरातसंस्थेत ते दोन दशके कलादिग्दर्शक होते. कवीही होते. १९८३ साली पवईच्या आय.आय.टी.त शिकवायला गेले आणि पुढे संगणकासाठी भारतीय लिप्यांचे टंक घडविण्याच्या कामात पडले. विंडोजमध्ये आलेला देवनागरीचा 'मंगल' आणि कन्नडचा 'तुंगा' हे दोन्ही त्यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाले. २००८ साली ते गेले. म्हणजे आपल्या कार्यालयांत कित्येक वर्षे ज्या दोन टंकांतून मराठी आणि कन्नड पत्रे निघाली, त्यांमागे एकाच कलादिग्दर्शकाची नजर होती. अशा टंकात अक्षराच्या वरची आणि खालची जागा टंकातच बांधलेली असते. माझी रबर सोल्युशनची चूक तेथे सहसा होत नाही. दुसऱ्या होतात. काँग्रेस रोडने चालत जा आणि फ्लेक्स पाहा. जुन्या टंकातला मजकूर नव्यात ओतताना ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडलेली दिसेल, ओत्तक्षरे बाजूला उतरून उभी असलेली दिसतील. मुद्रक म्हणतो, 'कॉम्प्युटरनं तसं आणलं.' मी फोटोच्या पट्टीला दोष देत होतो, त्यातलाच हा प्रकार.

त्या सराफांनी मला पुन्हा काम दिले, हे मला आजही आश्चर्य वाटते. पुढच्या वर्षी त्यांनी दुकानाच्या दाराच्या दोन बाजूंना दोन पाट्या करवून घेतल्या, एक मराठी, एक कन्नड. गिऱ्हाईक दोन्ही भाषांचे, तेव्हा अट एकच : दोन्ही अक्षरे सारखी. मी दोन्ही एकाच उंचीची लिहून पाहिली. लांबून मराठी पाटी मोठी वाटे, कारण शिरोरेषेची सलग जाड पट्टी डोळा ओढून घेते आणि कन्नडची गोल अक्षरे सुटी सुटी राहतात. म्हणून मी कन्नड ओळ नऊऐवजी साडेनऊ इंचांची केली. (आज हा हिशेब वेगळा पडेल. २०२४ सालच्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात फलकाचा साठ टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. मराठी ओळीला उरलेल्या जागेत मान ताठ ठेवून कसे बसवायचे हा आजच्या कलादिग्दर्शकापुढचा प्रश्न आहे, आणि तो सुटण्यासारखा आहे.)

पाट्या लागल्या त्या दिवशी मालकांनी स्टूल मागविले, वर चढून फूटपट्टी लावली आणि खाली उतरून माझ्याकडे पाहिले. "अर्धा इंच फरक आहे. सारखी करा म्हटलं होतं ना?"

मी त्यांना रस्त्याच्या पलीकडे यायला सांगितले. समोरच्या पानपट्टीपाशी उभे राहून ते बराच वेळ आळीपाळीने दोन्ही पाट्या पाहत राहिले. मग त्यांनी दुकानातून आईला बोलावून आणले. म्हातारीला वाचता येत नव्हते. तिने हात कपाळावर आडवा धरून पाहिले आणि म्हणाली, "दोन्ही सारख्याच की रे. उगीच का पोराला उन्हात उभं केलंस?"